काम चोरणारे कॉम्प्युटर

मुलांनो, आज एका गणितापासून सुरुवात करू या. कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा. हे गणित नुसतं वाचून कळायचं नाही, मांडावंच लागेल.

आमच्या धानोरा तालुक्यात पावसानं जोर धरला की भाताची रोवणी सुरू होते. जंगलाला लागून असलेल्या शेतांत लहानमोठ्या बांध्या असतात. (कापसाच्या नाहीतर उसाच्या मुलखात राहणाऱ्या मित्रांसाठी सांगते : शेताचा बांध म्हणजे धुरा, आणि चारही बाजूंनी धुरा घालून पाणी अडवलेला भाताचा तुकडा म्हणजे बांधी.) समजा, एका शेतात अशा बारा बांध्या आहेत आणि रोवायला बायांच्या चार टोळ्या आल्या आहेत. काही बांध्या तासाभरात रोवून होतात, काहींना दोन तास लागतात, आणि दोन बांध्या एवढ्या मोठ्या की त्यांना तीन-तीन तास हवेत. बांध्यांचे तास ओळीनं लिहून घ्या : १, १, २, १, २, १, २, ३, ३, २, १, १. एका बांधीत एकच टोळी उतरेल, अशी अट धरू.

आता वाटणी कशी कराल? तुम्ही म्हणाल, त्यात काय, बारा भागिले चार, प्रत्येक टोळीला तीन बांध्या. पहिलीला पहिल्या तीन, दुसरीला पुढच्या तीन, असं. ठीक आहे. करा बेरीज. पहिल्या टोळीचं काम ४ तासांचं, दुसरीचं ४, चौथीचंही ४. आणि तिसरीचं? ८ तास! तीन टोळ्या हातपाय धुऊन धुऱ्यावर बसल्या आहेत आणि तिसरी टोळी आणखी चार तास चिखलात वाकून आहे. शेत रोवून झालं ते आठ तासांनी.

आता दुसरी रीत. आधी काहीच वाटायचं नाही. प्रत्येक टोळीनं एक बांधी धरायची, ती झाली की ओळीतली पुढची जी मोकळी असेल तिच्यात उतरायचं. पुन्हा मांडून बघा. पहिल्या तासाला कोण मोकळं झालं, दुसऱ्या तासाला कोण... बरोबर पाच तासांत बाराही बांध्या संपतात. बांध्या त्याच, बाया त्याच, कुणाचा हातही जास्त भरभर चालला नाही. तरी तीन तास वाचले. सगळं काम मिळून २० तासांचं आणि टोळ्या चार, म्हणजे पाच तासांच्या खाली कुणालाच जाता येणार नाही हेही बेरीज-भागाकारानं कळतं.

हे एवढंसं गणित जगातल्या मोठमोठ्या कॉम्प्युटरांना दर क्षणी सोडवावं लागतं. आणि त्यांना ते आपल्यापेक्षा कठीण जातं. कोणती बांधी जड जाणार हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. कॉम्प्युटरला बऱ्याचदा काम सुरू केल्यावरच ते कळतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. तुमच्यापैकी कितीतरी जण एकशिक्षकी शाळेत शिकत असतील. तिथे गुरुजी पहिलीला पाटीवर अक्षरं गिरवायला देतात, तोवर तिसरीला भागाकार शिकवतात, मग चौथीची वही तपासतात. चारही वर्ग चालू आहेत असं वाटतं, पण गुरुजी एकच. ते एका वेळी एकाच वर्गाकडे बघतात. कॉम्प्युटरमध्ये हिशेब करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. तो एकटा असला की या गुरुजींसारखाच वागतो, थोडं हे, थोडं ते. आपण बोलणार आहोत ते चार गुरुजी असलेल्या शाळेबद्दल, म्हणजे एकच मोठं काम अनेक प्रोसेसरांनी मिळून एकाच वेळी करण्याबद्दल. याला समांतर संगणन म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रात या गोष्टीचा एक मोठा इतिहास घडला आहे. १९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अभ्यासासाठी महासंगणक हवा होता. तेव्हा असे कॉम्प्युटर अमेरिकेत बनत, आणि ते दुसऱ्या देशांना द्यायला अमेरिका सहजी तयार नसे. अखेर एक क्रे महासंगणक दिल्लीत आला, पण तो कशासाठी वापरायचा याच्या अटींसह. मग आपणच असं यंत्र बांधायचं ठरलं. त्यासाठी १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर. आपल्या विदर्भातले, बरं का! जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण नागपूरला.

क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवणं आपल्याला तेव्हा शक्य नव्हतं. भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट वेगळी धरली. बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर घ्यायचे आणि पुष्कळ एकत्र जोडायचे. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात ६४ प्रोसेसर होते. ते इंग्लंडमधल्या इन्मॉस कंपनीचे होते आणि त्यांना ट्रान्सप्युटर म्हणत. या ट्रान्सप्युटरची एक गंमत होती. त्याला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या असत, जणू चार हातच. लांबच्या ट्रान्सप्युटरला काही सांगायचं तर निरोप मधल्यांच्या हातून पुढे सरकवावा लागे.

पण चौसष्ट प्रोसेसर जोडले म्हणजे काम चौसष्ट पट वेगानं होतं का? आपल्या तिसऱ्या टोळीला विचारा! एकाकडे जास्त काम साचलं तर उरलेले त्रेसष्ट रिकामे बसतात. तिकडचं काम इकडे आणायला जावं, तर निरोप पाठवण्यात आणि आकडे हलवण्यात वेळ जातो. रोवणीचंच बघा ना. शेताच्या त्या टोकाच्या बांधीत उतरायचं म्हणजे पऱ्ह्यांच्या जुड्याही तिकडे वाहून न्याव्या लागतात. पाच मिनिटांच्या कामासाठी पंधरा मिनिटांची वाहतूक कोण करील?

आता हवामानाकडे वळू, कारण ही वाटणी आपल्या पोटाशी जोडलेली आहे ती तिथे.

पावसाचा अंदाज कॉम्प्युटर कसा काढतो? सगळ्या पृथ्वीवर चौकटी आखल्या आहेत अशी कल्पना करा, आपल्या चौकटीच्या वहीसारख्या. प्रत्येक चौकटीवर हवेचे एकावर एक थर. प्रत्येक ठिकाणचं तापमान, वारा, हवेचा दाब, बाष्प असे आकडे घ्यायचे आणि काही मिनिटांनी ते किती होतील याचा हिशेब करायचा. मग त्या नव्या आकड्यांवरून त्यापुढच्या काही मिनिटांचा. असं पाऊल-पाऊल टाकत पुढच्या कित्येक दिवसांपर्यंत जायचं. चौकटी प्रोसेसरांमध्ये वाटून दिलेल्या असतात. एक पाऊल झालं की प्रत्येकानं आपल्या कडेच्या चौकटींचे आकडे शेजाऱ्याला द्यायचे, कारण इकडचा वारा तिकडे जाणारच. शेजाऱ्याचे आकडे आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. म्हणजे एकाला उशीर झाला की शेजारी थांबतो, त्याच्यामुळे त्याचा शेजारी, आणि बघता बघता सगळे थांबतात.

उशीर कुणाला होतो माहीत आहे? जिथे पाऊस पडतोय त्याला! निरभ्र आकाशाचा हिशेब लवकर आटोपतो. पण ढग जमले, वाफेचं पाणी झालं, थेंब पडू लागले, की त्या चौकटीचं गणित वाढतं. उन्हाचा हिशेबही जिथे दिवस आहे तिथेच करावा लागतो, रात्रीच्या बाजूला तो नाहीच. तेव्हा जुलै महिन्यात गडचिरोलीवर ढग दाटले असतील, तर आपल्या चौकटी ज्याच्या वाट्याला आल्या तो प्रोसेसर घाम पुसत असणार, आणि कोरड्या वाळवंटावरचा प्रोसेसर त्याची वाट बघत बसलेला असणार. शिवाय ढग काही एका जागी थांबत नाहीत. सकाळी जो प्रोसेसर रिकामा तो दुपारी कामात बुडालेला. म्हणून आधी केलेली वाटणी कितीही डोकं लावून केली तरी पुरत नाही.

यावर एक छान तोड निघाली. अमेरिकेतल्या एनकार या संस्थेच्या वातावरणाच्या हिशेबात एकेका प्रोसेसरला लागून असलेल्या चौकटींचा सलग पट्टा देत नाहीत. दिवसाच्या बाजूच्या चौकटींबरोबर रात्रीच्या बाजूच्या, उत्तरेकडच्या चौकटींबरोबर दक्षिणेकडच्या, अशा जोड्या लावून देतात. एकाच बाईला मोठी आणि लहान अशी एकेक बांधी द्यावी तसं!

हा प्रश्न कॉम्प्युटर जन्मायच्या आधीच एका माणसाला दिसला होता. त्याचं नाव ल्युइस फ्राय रिचर्डसन. हा इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांच्या गाडीवर काम करत होता. मधल्या वेळात त्यानं हातानं गणित करून हवामानाचा अंदाज काढून बघितला. फक्त सहा तासांचा अंदाज, आणि त्याला वेळ लागला जवळजवळ सहा आठवडे! तोही साफ चुकला. लढाईच्या धामधुमीत त्याची हस्तलिखित वही हरवली आणि पुढे बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडली. १९२२ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात त्यानं एक स्वप्न रंगवलं होतं. नाटकगृहासारखी भलीमोठी गोल इमारत, भिंतींवर जगाचा नकाशा, आणि सज्ज्यांमध्ये बसून आपापल्या प्रदेशाचा हिशेब करणारी ६४,००० माणसं. मधोमध उंच खांबावर एक प्रमुख. ज्यांचं गणित पुढे पळतंय त्यांच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, मागे पडलेल्यांवर निळा.

मला ही कल्पना फार आवडते. पण एक सांगू? निळा प्रकाश पडला म्हणून कुणाचं ओझं हलकं होत नाही. मागे पडलेल्याची अर्धी कागदं उचलून पुढे गेलेल्याला कोण देणार?

पहिला उपाय तुम्हाला लगेच सुचेल : मुकादम नेमा. सगळं काम त्याच्याकडे. ज्याचं झालं त्यानं त्याच्याकडे यायचं आणि पुढचं घेऊन जायचं. चार टोळ्यांना हे छान चालतं. पण हजार जण असतील तर? मुकादमासमोर रांग लागेल आणि कामापेक्षा काम मागण्यातच वेळ जाईल. बरं, रांग नको म्हणून एकेकाला मोठा गठ्ठा दिला, तर पुन्हा आपल्या तिसऱ्या टोळीची गत. लहान तुकडे द्यावेत तर फेऱ्या वाढतात, मोठे द्यावेत तर शेवटी कुणीतरी अडकून बसतं.

१९८७ मध्ये पॉलिक्रोनोपुलस आणि कुक या दोघा शास्त्रज्ञांनी यावर एक युक्ती मांडली. गठ्ठा सुरुवातीला मोठा द्या आणि पुढे लहान-लहान करत जा. उरलेल्या कामाला माणसांच्या संख्येनं भागायचं आणि तेवढंच द्यायचं, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा. समजा १०० गणितं आणि चार मुलं. पहिल्याला २५. उरली ७५, पुढच्याला १९. उरली ५६, त्यापुढच्याला १४. मग ११, ८, ६, ५, ३, ३, २ आणि शेवटी एकेक. म्हणजे सुरुवातीला फेऱ्या कमी, आणि शेवटाला बारीक तुकडे असल्यामुळे सगळे जवळजवळ एकदमच मोकळे. वर्गात करून बघा. शंभर चिंचोके आणि मोजणारी चार मुलं एवढं भांडवल पुरे.

दुसरा उपाय मात्र भन्नाट आहे. मुकादमच नको!

मराठीत कामचोर कुणाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. (काहींना तर चांगलंच माहीत आहे.) जो काम टाळतो तो. पण कॉम्प्युटरच्या दुनियेत काम चोरणारा म्हणजे खरोखरच दुसऱ्याचं काम चोरून स्वतः करणारा! तिथे काम चोरणं हा सद्गुण आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या रॉबर्ट ब्लुमोफ आणि चार्ल्स लायझरसन यांनी या चोरीचं गणित पक्कं मांडलं आणि ही रीत किती चांगली चालते ते सिद्ध करून दाखवलं.

चोरीचे नियम असे. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची कामांची रांग असते. तो आपल्या रांगेच्या एका टोकाकडून कामं उचलत राहतो आणि कुणाला काही विचारत नाही. रांग संपली की मात्र तो हात जोडून बसत नाही. डोळे मिटून चिठ्ठी काढावी तसा कुठला तरी एक प्रोसेसर निवडतो आणि त्याच्या रांगेच्या उलट्या टोकाचं काम पळवतो. तिथेही काही नसलं तर दुसऱ्या कुणाकडे जातो.

उलटं टोक का? एक तर मालक या टोकाला आणि चोर त्या टोकाला असल्यामुळे दोघांची धक्काबुक्की होत नाही. दुसरं म्हणजे उलट्या टोकाला बहुधा जुनं, मोठं, अजून न फोडलेलं काम पडलेलं असतं. एकदा पळवलं की चोराला बराच वेळ पुरतं आणि त्याला लगेच पुन्हा चोरीला निघावं लागत नाही. आणखी एक शहाणपण यात आहे. निरोप पाठवायचा, शोधाशोध करायची हा सगळा त्रास रिकामा बसलेला सोसतो. जो कामात आहे त्याला फारसा उपद्रव नाही. माझ्या मते या सगळ्या युक्त्यांमधली सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

हे पाहायला पुण्याला जायची गरज नाही. घरातल्या मोबाइलमध्येही हेच चालू असतं. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये एकाच चिपवर अनेक, पुष्कळदा आठ, प्रोसेसर असतात. त्यांना कोअर म्हणतात. त्यातले काही दांडगे पण बॅटरी खाणारे, काही हळू पण काटकसरी. गाणं वाजवायला काटकसरी कोअर पुरतो, गेम सुरू केला की दांडग्याला हाक जाते. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स नावाची प्रणाली आहे. तिच्यात प्रत्येक कोअरची वेगळी रांग असते, आणि रिकामा झालेला कोअर दुसऱ्याच्या रांगेतून काम ओढून घेतो. फोन तापला की कोअर मुद्दाम हळू केले जातात, म्हणजे मघाशी चपळ असलेला आता मंद. अशा वेळी सकाळची वाटणी दुपारी कशी चालेल?

हजारो कॉम्प्युटर एकत्र राबत असतील तर त्यांतला एखादा रखडतोच. गूगलमधल्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये त्यावरचा आपला उपाय जाहीर केला. काम संपत आलं की जे तुकडे अजून अडलेले आहेत ते दुसऱ्या रिकाम्या कॉम्प्युटरलाही करायला द्यायचे. ज्याचं आधी होईल त्याचं घ्यायचं. वाटतो की नाही वाया घालवण्याचा धंदा? पण हा उपाय बंद ठेवून त्यांनी आकडे क्रमानं लावण्याचं एक प्रचंड काम करून पाहिलं, तेव्हा वेळ ४४ टक्क्यांनी वाढला!

आता पुन्हा आपल्या पावसाकडे. परम ८००० ला तीस वर्षं उलटून गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' नावाचा महासंगणक सुरू झाला. त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतके हिशेब. मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' आली. तिच्यामुळे अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. धानोरा ते गडचिरोली हे अंतर आधी तीनेक चौकटींत बसत होतं, आता सहा चौकटी लागतात. चौकटीची बाजू निम्मी झाली की चौकटी दुप्पट नव्हे, चौपट होतात. (वहीत आखून बघा.) म्हणजे वाटायचं कामही चौपटीहून कमी नाही. आणि ते वेळेत संपायला हवं. उद्या पाऊस येणार की उघडीप पडणार, कठाणीला पाणी चढेल का, पऱ्हे आज उपटावेत की दोन दिवस थांबावं, हे परवा कळून कुणाला काय उपयोग? उपटलेले पऱ्हे काही प्रोसेसर मोकळा व्हायची वाट बघत नाहीत.

जाता जाता पुन्हा आपल्या बारा बांध्या. मघाशी ओळीनं जो क्रम होता त्यात पाच तास लागले. पण आधी सगळ्या लहान बांध्या घेतल्या आणि तीन तासांच्या दोन शेवटी ठेवल्या, तर? मोकळं झालं की पुढची घ्यायची, हा नियम तोच. मांडा. आता सहा तास लागतात, कारण शेवटी दोन टोळ्या मोठ्या बांध्यांत अडकतात आणि दोन बसून राहतात. उलट मोठ्या बांध्या आधी घेतल्या तर पुन्हा पाच.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले गणिती रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६६ आणि १९६९ मध्ये या क्रमांचा अभ्यास केला. हे गृहस्थ चेंडू हवेत झेलण्याच्या खेळातही पटाईत होते, त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले होते! त्यांनी दाखवलं, की क्रम कितीही वाईट लागला तरी 'मोकळा झाला की पुढचं घ्या' या रीतीला उत्तमातल्या उत्तम वाटणीच्या दुप्पट वेळ कधीच लागत नाही. मोठी कामं आधी घेतली तर फार तर एक तृतीयांश जास्त. आणि एक विचित्र गोष्टही त्यांनी दाखवली. काही कामं दुसरी काही झाल्याशिवाय सुरूच करता येत नसतील, तर कधीकधी एक माणूस वाढवल्यानं काम लवकर संपायच्या ऐवजी उशिरा संपतं!

आपल्या शेतात तशी अडचण नाही, कुठलीही बांधी केव्हाही रोवता येते. तेव्हा आता तुम्ही करा. मोठ्या बांध्या आधी घेऊन पाच टोळ्यांना किती तास लागतील ते काढा. मग सहा टोळ्यांना. मग सातांना. सहांचं उत्तर आलं की तुम्ही ते पुन्हा एकदा तपासून पाहाल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. आणि शेवटी बारा बांध्यांना बारा टोळ्या लावा, आणि त्या बाराजणींना घरी जायला सात टोळ्यांपेक्षा किती तास कमी लागले ते बघा.